बुधवारचा गच्चीवरचा तास

१२ सप्टेंबर

आत्या,

फोनच करणार होते, पण तू म्हणशील की फोनवर तुला माझं बोलणं कमी आणि धावपळच जास्त ऐकू येते. म्हणून कागद घेतला. विभागात सगळे घरी गेलेत. मी तुझ्याच जुन्या टेबलाशी बसले आहे. डावा खण उघडायला अजूनही गुडघा लावावा लागतो. खिडकीबाहेर आभाळ फिकट पिवळं झालंय आणि ते बघताना हातातलं काम दूर कुठेतरी गेल्यासारखं वाटतंय, म्हणून त्याला परत आणायला तुला लिहितेय.

जूनमध्ये विभागप्रमुखपद माझ्या गळ्यात पडलं, हे तुला माहीत आहेच. त्याच्यामागोमाग फर्मान आलं, की हवामानशास्त्राची पदवी आता चार वर्षांची होणार आणि तिचा अभ्यासक्रम पहिल्या पानापासून नव्याने लिहायचा. लिहायचा म्हणजे एक भलामोठा तक्ता भरायचा. डाव्या बाजूला एकाखाली एक विषय. वरच्या ओळीत, तो विषय शिकून विद्यार्थ्याला काय काय करता येईल ते, म्हणजे निष्पत्ती. मधल्या चौकटीत खुणा. ज्या विषयासमोर एकही खूण नाही, तो विषय वेळापत्रकातून गळतो.

बाकी सगळे विषय शहाण्यासारखे आपापल्या चौकटीत बसले. एकच ओळ कोरी राहिली. बुधवार, दुपारी तीन, गच्ची.

तू हा विभाग सुरू केलास तेव्हापासून तो तास चालू आहे. पहिल्या वर्षाची मुलं चटया घेऊन वर जातात, उताणी पडतात आणि आभाळाकडे बघतात. वही नाही, प्रश्न नाहीत, परीक्षा नाही, शिकवणारीही चटईवरच. त्याला कधी क्रेडिट नव्हतं आणि कुणी ते मागितलंही नाही. आता नियम असा, की क्रेडिट नसलेला तास वेळापत्रकात राहणार नाही आणि निष्पत्ती लिहिल्याशिवाय क्रेडिट मिळणार नाही.

आत्या, हा तास माझ्या कारकिर्दीत गेला तर मला सहन होणार नाही. तुझी विद्यार्थिनी असताना त्यातले निम्मे तास मी झोपून काढले, तू मला ‘पेंगू’ म्हणायला लागलीस ते तेव्हापासून. पण एकदा अर्धवट जाग आली, तर आभाळ जागच्या जागी थांबलं होतं आणि आपली इमारतच सरकत होती. मी चटई दोन्ही हातांनी घट्ट धरली. हा विषय सोडायचा नाही, हे मी त्या दुपारी ठरवलं. वर्गातल्या कुठल्याच व्याख्यानाने माझं असं काही केलं नाही.

तेव्हा एवढंच सांग. हा तास सुरू करताना तुझ्या मनात नेमकं काय होतं?

तुझी पेंगू


२३ सप्टेंबर

पेंगू,

मनात काय होतं म्हणतेस? पोटात काय होतं ते विचार. जेवण होतं.

खालचा वर्ग पश्चिमेचा. तीन वाजता भिंतीसुद्धा तापायच्या. तुम्ही पोरं पेंगायची आणि खरं सांगायचं तर फळ्याकडे तोंड करून मीही पेंगायची. एके दिवशी म्हटलं, पेंगायचंच आहे तर वर जाऊन पेंगू, निदान वारा तरी लागेल. दुसऱ्या आठवड्यात तुम्हीच चटया घेऊन दारात उभे. मग तेच चालू राहिलं. कागदावर आणलं असतं तर पहिल्याच बैठकीत त्याचा निकाल लागला असता, म्हणून आणलं नाही. झालं एवढंच.

एक मात्र आठवतं. एकदा तुम्ही सगळे झोपला होता आणि मी एकटी जागी होते. एका ढगाची सावली गच्चीवर चढली आणि एकेकाच्या अंगावरून गेली, पायाकडून डोक्याकडे. कुणाची पापणीही हलली नाही. मला वाटलं, यातल्या कुणालाच हे कधी कळणार नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. मी कितीतरी वर्षांनी इतकी खूश झाले होते. ते कशासाठी, ते मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं आणि आज तर नाहीच नाही.

तुझी ती ओळ कोरीच राहू दे.

जेवणाच्या वेळा सांभाळ. विभागप्रमुख झालं की माणसं चहावर जगायला लागतात.

आत्या


१९ डिसेंबर

आत्या,

ओळखते हो तुला! एवढी मोठी गोष्ट केलीस आणि वर ‘पोटात जेवण होतं’ म्हणून हात झटकतेस. पण तुझ्या त्या पत्रानेच माझं काम झालं. मी ते चारदा वाचलं आणि त्यातून विभागाचं निवेदन तयार केलं. ‘भोजनोत्तर शैथिल्याचा अध्ययनासाठी सकारात्मक उपयोग’ असा एक परिच्छेदच आहे. हसू नकोस. अभ्यास मंडळाने बाकं वाजवून मंजूर केला.

आत्या, तास वाचला! निदान अर्धा तरी वाचला. दोन क्रेडिट मिळाली. या सत्रापासूनच प्रयोग म्हणून सुरुवात केली. क्रेडिट म्हटलं की गुण आले आणि गुण म्हटलं की कागद आला. म्हणून प्रत्येकाला एक छापील पान देतो. वेळ, दिशा, ढगांचे किमान तीन प्रकार आणि शेवटी ‘आजच्या निरीक्षणातून मी काय शिकलो’ यासाठी चार ओळी. तीनपेक्षा कमी प्रकार लिहिले तर गुण कमी.

मागच्या आठवड्यात एक मजा झाली. बुधवारी आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं. औषधालासुद्धा ढग नव्हता. पानं जमा केली, तर प्रत्येकाने तीन-तीन प्रकार लिहिलेले. एकीने तर पाच. फक्त मागच्या रांगेतल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘आज ढग नाहीत.’ आणि आमच्या नव्या सहायकाने नियमावर बोट ठेवून तिला शून्य दिलं.

आम्ही शिक्षकांच्या खोलीत पोट धरून हसलो. मग मी त्या पानावर एक ओळ वाढवली, ‘आभाळ निरभ्र असल्यास तसे कारणांसह लिहावे.’ आता काही अडचण नाही.

हल्ली एकच स्वप्न पडतं. तो तक्ता गच्चीभर अंथरलाय आणि त्याच्या चौकटींतून खालून ढग जातायत, अगदी सावकाश, बोलल्यासारखे. मी खडू घेऊन वाकून वाकून खुणा करतेय. ढगावर काही खूण उमटत नाही. गंमत म्हणजे स्वप्नात मला त्याचं वाईट वाटत नाही. खाली कुणीतरी घंटा देतं आणि मी जागी होते.

जानेवारीत प्रस्ताव बाहेरच्या परीक्षकाकडे जाईल. कॉलेजचं, विभागाचं, कुणाचंच नाव त्यावर नसतं आणि आम्हालाही परीक्षक कोण ते कळत नाही. तो हो म्हणाला की एप्रिलमध्ये विद्या परिषद शिक्का मारेल आणि बुधवार कायमचा आपला.

तुझी पेंगू


२४ जानेवारी

पेंगू,

उत्तराला उशीर झाला. एक जाडजूड बाड वाचायला आलंय, त्यात अडकून पडले आहे. सकाळी उन्हात खुर्ची टाकून वाचते, दुपारी मिटून ठेवते आणि संध्याकाळी पुन्हा उघडते. कंटाळवाणं आहे म्हणावं तर तसंही नाही. मधेच एखादं पान येतं आणि मी चष्मा काढून बराच वेळ नुसती बसून राहते. मग शेजारीण कुंपणावरून विचारते, बरं वाटत नाही का म्हणून.

तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या शून्यवाल्या मुलीचं पुढे काय झालं? आणि तू अजून गच्चीवर झोपतेस का?

आत्या


६ मार्च

आत्या,

परीक्षकाचा अहवाल आला आणि माझं डोकं फिरलंय. सगळा अभ्यासक्रम उचलून धरलाय, प्रयोगशाळेच्या रचनेचं तर भरभरून कौतुक केलंय. आणि गच्चीबद्दल हे लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते:

‘बुधवारच्या तासातून विद्यार्थ्याला काय मिळते हे प्रस्तावात फार तपशिलाने लिहिले आहे. त्यातले काहीही मिळत असेल असे वाटत नाही. दिलेल्या स्वरूपात हा तास वगळावा.’

वगळावा! कोण हा खडूस? मला तो डोळ्यांसमोर दिसतोय. आयुष्यात कधी मान वर केली नसेल. आभाळ म्हणजे काय, तर छत्री न्यायची की नाही एवढंच. असल्या माणसांच्या हातात अभ्यासक्रम देतात आणि मग म्हणतात मुलं विचार करत नाहीत!

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बैठक आहे. तिथे मला शेऱ्याला उत्तर देता येतं आणि मी ते सणसणीत देणार आहे. पण तुझं बळ हवंय. ज्या बाईने हा तास सुरू केला तिचं एक पानी पत्र मी परिषदेपुढे ठेवलं, तर त्या गृहस्थाची बोलतीच बंद होईल. एवढं करशील ना?

तू विचारलं होतंस ते राहिलंच. त्या मुलीचं काही झालं नाही, तीही आता इतरांसारखी तीन प्रकार लिहिते. आणि झोपायचं म्हणशील तर मला आता आडवं व्हायलाही मिळत नाही. पानं तपासत चटयांमधून फिरावं लागतं.

तुझी पेंगू


१४ मार्च

पेंगू,

तुझ्याकडून मी खडूस, मान वर न करणारी आणि छत्रीवाली ठरले. बरं वाटलं. निदान माझ्या अहवालाला धार होती म्हणायची.

हो, तो परीक्षक मीच. बाडावर नाव नव्हतं, पण हवामानशास्त्राची पदवी, बुधवार, तीन वाजता आणि चटया, हे वाचल्यावर माझ्यासारखीला नावाची गरज काय? ज्यांनी बाड पाठवलं त्या कार्यालयाला मी लगेच कळवलं की हा प्रस्ताव माझ्या माहितीतला आहे, दुसरं कुणी बघा. तिथले गृहस्थ म्हणाले, ‘बाई, आता या विषयाचं माणूस कुठून आणू? तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळतंय?’ माझी भाची विभागप्रमुख आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाड परत गेलं असतं, आणि मला ते परत जायला नको होतं. हे मी विचार करून केलंय, त्यामुळे त्याबद्दल पश्चात्ताप वगैरे काही शोधू नकोस.

दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं तर त्याने ते परिच्छेद वाचून मान डोलावली असती. फार सुरेख लिहिलेस तू. ‘भोजनोत्तर शैथिल्य’ वाचून मी एकटीच इतकी हसले की चष्मा पडला. आणि मग तो ढगांच्या तीन प्रकारांचा नियम वाचला. तो प्रस्तावातच होता. निरभ्र दिवसाची गोष्ट तू मला पत्रात सांगितलीस, ती मी अहवालात वापरली नाही. पण आत्या म्हणून ती माझ्या डोक्यातून जाईना. वर बघून जे खरं दिसलं ते लिहिणारी एकच मुलगी निघाली आणि तिला शून्य मिळालं. आणि तुम्ही हसलात. पुढच्या बुधवारी तिनेही न दिसलेले तीन ढग लिहिले. पेंगू, चार वर्षांची पदवी तुम्ही तिला त्या एका तासात दिलीत, आणि ती नको तीच दिलीत.

माझी गच्ची टिकावी अशी मलाही तुझ्याइतकीच हौस आहे. पण हे असं जगण्यापेक्षा तो तास गेलेला बरा.

तुला हवं ते पत्र मी देणार नाही. आणि नियम मलाही माहीत आहे. परीक्षक नात्यातला निघाला तर अहवाल रद्द होतो. परिषदेला सांगायचं असेल तर सांग. अहवाल रद्द झाला, की मंडळाची मंजुरी आहेच, तास राहील.

आत्या


२० मार्च

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोन तास घेतले, एक बैठक घेतली, सगळं नेहमीसारखं केलं आणि घरी येऊन स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिले.

तू मला सांगू शकत होतीस. ‘पेंगू, हे बरोबर नाही’ एवढे शब्द लिहायला तुला काय झालं होतं? जानेवारीत तुझ्या मांडीवर माझं बाड होतं आणि तू मला विचारतेस, गच्चीवर झोपतेस का!

एक ओळ लिहून दिली की माझा तास वाचतो. आणि इतक्या वर्षांनी तुझं नाव त्या परिषदेत घेतलं जाईल ते असं. मी लिहीन की नाही, मला माहीत नाही. सध्या मला तुझ्याशी बोलायचं नाहीये.

(सही केलेली नाही, कारण कुठल्या नावाने करू ते कळत नाही.)


२७ मार्च

पेंगू,

खुशाल लिही. मी रागावणार नाही.

आत्या

ता. क. सांगितलं होतं ते, एका ओळीत लिहून. ‘तुझी ती ओळ कोरीच राहू दे.’ तू त्यावर निवेदन लिहिलंस.


१८ एप्रिल

आत्या,

बैठक झाली. सांगते, पण क्रमाने सांगू दे, नाहीतर मला रडू येईल.

बैठकीच्या आदल्या दिवशी बुधवार होता. मी गच्चीवर गेले तेव्हा पिशवीत दोन कागद होते. एक शेऱ्याला दिलेलं माझं सणसणीत उत्तर. दुसऱ्यावर एकच ओळ, ‘सदर परीक्षक माझ्या सख्ख्या आत्या आहेत.’ दोन्हींवर सही केली होती. ठरत काहीच नव्हतं.

वर पातळ, दुधाच्या सायीसारखे ढग पसरले होते. वारा मंद होता, लांब कुठेतरी कुणीतरी फर्निचर सरकवत होतं आणि तो आवाजसुद्धा झोपेतून आल्यासारखा येत होता. मी पानं वाटली. मुलं पालथी पडली. हो, पालथी. कोपरावर टेकून लिहायला तसंच सोपं जातं. मी कितीतरी बुधवार त्यांना असं बघत आले होते आणि ते मला कधी खटकलं नव्हतं.

मग उजेड जरासा बदलला म्हणून मी वर बघितलं. सूर्याभोवती खळं पडलं होतं. पूर्ण, कुठेही न तुटलेलं, आतल्या कडेला अगदी फिकट तांबूस. इतकं मोठं की आपली सगळी इमारत त्यात बसली असती. आत्या, ती विद्यार्थिदशेतली दुपार आठवली आणि मी ओरडले, “अरे, वर बघा! वर!”

सगळ्यांनी आधी घड्याळात बघितलं. आधी वेळ लिहिली, मग दिशा लिहिली आणि मगच एकेकाने मान उचलली. एकाने मला विचारलं, “मॅडम, हे प्रकारात धरायचं का?”

त्याचं काही चुकलं नव्हतं. मीच तसं शिकवलं होतं. आणि त्या क्षणी मी काय करत होते माहीत आहे? किती जणांनी वर बघितलं ते मोजत होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी परिषदेला सांगता येईल. खळं विरलं तेव्हा मी हजेरीच्या कागदाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, “परीक्षकांच्या शेऱ्यावर विभागाचं म्हणणं?”

मी म्हणाले, “शेरा मान्य आहे.”

सचिवांनी चष्म्यावरून बघितलं. “पूर्ण?”

“पूर्ण.”

“ठीक. पुढचा विषय, चौथ्या वर्षाचं प्रशिक्षण.”

संपलं. तू उभा केलेला, मी वाढवलेला तो तास, चहाचा घोट घेऊन होईपर्यंत नव्हता. बाकी पदवी मंजूर झाली, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि मी बाहेर जाऊन बेसिनचा नळ सोडून भरपूर रडले. दोन्ही कागद तिथेच फाडले. तुझ्यासाठी फाडले असं समजू नकोस. मला खळं दिसलं नसतं तर मी तुझं नाव घेतलं असतं, हे तुला माहीत असलेलं बरं.

तुझं बरोबर होतं आणि मला तुझा अजून राग आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला या वयात कळतंय. तू माझ्यापासून लपवलंस ते मी विसरणार नाही. पण सुट्टीत येणार आहे, खोली झाडून ठेव आणि मी आल्यावर दोन दिवस तरी अभ्यासक्रमाचं नाव काढू नकोस.

आता कालचं सांगते आणि थांबते. काल बुधवार. तीन वाजता वेळापत्रकात माझ्यासमोर काहीच नव्हतं. सवयीने जिना चढले. चटया टाकीच्या आडोशाला गुंडाळून पडल्या होत्या, त्यातली एक काढली आणि टाकीच्या सावलीत आडवी झाले. थोडे ढग होते, कुठले ते मी बघितलं नाही. मग ते मोठे होत गेले, किंवा मी लहान होत गेले, आणि खालून कुणीतरी गच्ची हळूहळू ओढून न्यायला लागलं, आणि मी हाताने काहीही धरलं नाही. कित्येक वर्षांनी त्या गच्चीवर मला झोप लागली.

जाग आली तेव्हा पलीकडच्या कठड्याजवळ दोन चटया पसरल्या होत्या. त्यांवर दोघं पडली होती, उताणी. टाकीमुळे मी त्यांना दिसले नव्हते. त्यांच्या हातात पान नव्हतं. एकाचा हात कपाळावर होता, दुसरीचा श्वास संथ चालला होता. कोण ते बघावंसं फार वाटलं. पण मी दिसले असते तर ती ताडकन उठून बसली असती, सॉरी मॅडम म्हणाली असती आणि पुन्हा कधी आली नसती.

म्हणून मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी, एकेक पायरी दबकत, खाली उतरून आले.

तुझी पेंगू